स्नेहमेळाव्यात फौजेतला वर्गमित्र आणि आजचा छात्रसैनिक यांना स्थान हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी आटोपली की नागपुरात माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यांचा हंगाम सुरू होतो आणि तो फेब्रुवारीपर्यंत चालतो. कोणाच्या दहावीला पंचवीस वर्षे झाली, कोणाची चाळिशी भरली, कोणी पन्नासाव्या वर्षात आले, अशा बातम्या आणि त्यांसोबतची सामूहिक छायाचित्रे आपल्या स्थानिक पानांवर दर आठवड्याला दिसतात. महाल, इतवारी, धरमपेठ, सीताबर्डी, अजनी या भागांतील जुन्या मराठी शाळांचे विद्यार्थी पुण्या-मुंबईहून, काही तर परदेशातून या एका दिवसासाठी येतात, हयात असलेल्या गुरुजनांना वाकून नमस्कार करतात आणि जाताना शाळेला संगणक किंवा पाण्याचे शुद्धीकरण यंत्र देऊन जातात. हे सारे चांगलेच आहे आणि ते वाढावे असे मला मनापासून वाटते. मात्र अशा मेळाव्यांच्या संयोजनात बरीच वर्षे हातभार लावत आल्यानंतर माझे एक ठाम मत बनले आहे, ते असे की या मेळाव्यांतून दोन माणसे सातत्याने गळतात. एक म्हणजे शाळेतून थेट फौजेत भरती झालेला वर्गमित्र आणि दुसरा म्हणजे त्याच शाळेच्या मैदानावर आज खाकी गणवेशात परेड करणारा राष्ट्रीय छात्रसेनेचा, म्हणजे एनसीसीचा, छात्रसैनिक. या दोघांची गाठ मेळाव्यात पडली पाहिजे आणि ती घालून देणे हे माजी विद्यार्थी संघांचे काम आहे, हे मांडण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे.

मेळाव्याची यादी कशी तयार होते ते पाहिले म्हणजे गळती कोठे होते ते कळते. चार-पाच जण मिळून व्हॉट्सॲपवर ग्रुप काढतात आणि प्रत्येक जण आपल्या ओळखीतल्यांना त्यात घेतो. ही ओळख बहुधा शाळेनंतरची असते. अकरावी-बारावीला एका वर्गात असलेले, अभियांत्रिकीला किंवा वैद्यकीयला सोबत गेलेले, एका बँकेत किंवा एका सरकारी खात्यात नोकरीला लागलेले असे हे लोक असतात. जो मुलगा बारावीनंतर, पूर्वी तर अनेकदा दहावीनंतरच, भरतीच्या रांगेत उभा राहिला, पहाटेच्या दौडीत निवडला गेला आणि महिन्या-दोन महिन्यांत ट्रंक घेऊन एखाद्या रेजिमेंटल सेंटरला निघून गेला, तो या साखळीत कोणाच्याच शेजारी नसतो. तोवर त्याच्या आईवडिलांनी भाड्याचे घर सोडलेले असते, फोन नंबर बदललेला असतो आणि ‘तो मिलिटरीत गेला होता ना?’ एवढ्या एका वाक्यावर त्याचा शोध थांबतो. कोणी मुद्दाम वगळत नाही, हे मला मान्य आहे. तरीही वगळला जातो तो तोच.

शाळेच्या दर्शनी भागातल्या फलकावरही हेच घडते. गुणवत्ता यादीत आलेल्यांची, डॉक्टरांची, सनदी अधिकाऱ्यांची नावे तेथे असतात आणि कोणी सैन्यात अधिकारी झाला असेल तर त्याचेही नाव अभिमानाने रंगवलेले असते. ते योग्यच आहे. ३० एप्रिल २०२२ रोजी नागपूरचे जनरल मनोज पांडे लष्करप्रमुख झाले, इंजिनियर्स कोअरमधून त्या पदावर पोहोचलेले ते पहिले अधिकारी ठरले, तेव्हा या शहराला झालेला आनंद मला आजही आठवतो. पण नायक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार अशा हुद्द्यांची नावे मी शाळांच्या फलकांवर फारच क्वचित पाहिली आहेत. ज्या शहराच्या शेजारी १८२१ पासून कामठीची छावणी आहे, ज्या छावणीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पायदळ रेजिमेंटचे केंद्र आहे, त्या शहराने असे करू नये. १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर गंगासागरच्या लढाईत लढताना ज्यांना वीरमरण आले आणि ज्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले ते अल्बर्ट एक्का याच गार्ड्सच्या चौदाव्या बटालियनचे होते आणि त्यांचा हुद्दा लान्स नायक होता. कामठीत प्रशिक्षण घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक शिपायाला हे नाव ठाऊक असते. आपल्या शाळांच्या फलकांना मात्र हुद्द्याचा उंबरठा फार उंच लागतो.

जवान मित्र सापडला तरी तो मेळाव्याला येऊ शकत नाही, याचे एक अगदी साधे कारण आहे आणि संयोजकांनी मनावर घेतले तर ते दूर होण्यासारखे आहे. जवानाला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक आणि तीस दिवसांची नैमित्तिक रजा असते. ऐकायला ती भरपूर वाटते, पण ती पलटणीतल्या सर्वांमध्ये पाळीपाळीने बसवावी लागते आणि तिचे वेळापत्रक बरेच आधी ठरते. त्यातच घरचे लग्न, शेतीचे काम, आईची शस्त्रक्रिया, मुलांच्या सुट्या असे सगळे मावायचे असते. लडाख किंवा अरुणाचलच्या पुढच्या ठाण्यावरून नागपूर गाठायचे तर आधी खाली उतरण्यासाठी गाडीची वाट पाहावी लागते, मग पुढचा रेल्वेप्रवास, आणि बर्फाने रस्ता बंद झाला तर हातातले दिवस वाटेतच जातात. अशा माणसाला आपण दोन आठवडे आधी ‘येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी जमतोय’ असा निरोप पाठवतो आणि तो आला नाही म्हणजे ‘त्याला आता आपली गरज राहिली नाही’ असे म्हणून मोकळे होतो. मेळाव्याची तारीख सहा-आठ महिने आधी ठरवून कळवली तर त्याला रजेच्या अर्जात ती धरता येईल. याला एक पैसाही लागत नाही.

सैनिकी शाळांचे आणि प्रबोधिन्यांचे माजी विद्यार्थी एकमेकांना कसे धरून राहतात, हे या संदर्भात पाहण्यासारखे आहे. मध्य प्रदेशातील रीवा येथील सैनिक स्कूलमध्ये सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पाचवीच्या एकाच वर्गात शिकत असलेल्या दोन मुलांपैकी एक २०२४ च्या एप्रिलअखेर नौदलप्रमुख झाला आणि दुसरा त्याच वर्षी जूनअखेर लष्करप्रमुख. नौदलप्रमुख झालेले ॲडमिरल दिनेश त्रिपाठी यांचा शाळेतला रोल नंबर ९३८ आणि लष्करप्रमुख झालेले जनरल उपेंद्र द्विवेदी यांचा ९३१. इतक्या वर्षांनंतरही हे दोन आकडे वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचू शकले, कारण सैनिक स्कूलमध्ये विद्यार्थ्याचा नंबर शाळा सोडल्यावर पुसला जात नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतही छात्राची ओळख त्याच्या कोर्सच्या क्रमांकाने आणि स्क्वाड्रनने कायम होते. ‘कोर्समेट’, म्हणजे एकाच तुकडीत प्रशिक्षण घेतलेला सोबती, या नात्याला सैन्यात किती वजन आहे ते फौजी घरातल्या कोणालाही विचारावे. कोर्समेट गेला तर त्याच्या मुलांचे शिक्षण, पत्नीच्या निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, मुलीचे लग्न यांत इतर कोर्समेट घरच्यासारखे उभे राहतात.

तेथील मेळाव्याची रीतसुद्धा वेगळी आहे. पन्नास वर्षे पूर्ण झालेला कोर्स प्रबोधिनीत परत येतो तेव्हा ‘हट ऑफ रिमेम्ब्रन्स’ या स्मारकगृहात जाऊन धारातीर्थी पडलेल्या माजी छात्रांना पुष्पचक्र वाहिले जाते. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया, सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल आणि कॅप्टन मनोजकुमार पांडे हे परमवीरचक्राचे तिन्ही मानकरी याच प्रबोधिनीचे छात्र होते. अनेकदा अशा कोर्सची भेट दीक्षान्त संचलनाच्या सुमारास ठरते, आणि मग पांढऱ्या केसांची ही मंडळी प्रेक्षकांत बसून वीस-एकवीस वर्षांच्या छात्रांना ‘अंतिम पग’ ही प्रशिक्षणाची शेवटची पायरी ओलांडताना पाहतात. गेलेल्यांचे स्मरण, आपापसातली भेट आणि नव्यांची ओळख या तीनही गोष्टी तेथे एकाच मुक्कामात होतात. हे अंगवळणी पडण्याला कारणे आहेत. तीन वर्षे, म्हणजे सहा सत्रे, एका छपराखाली राहायचे, एकाच्या चुकीपायी सगळ्यांनी मैदानाला फेऱ्या मारायच्या, रात्री एकमेकांचे बूट चमकवून द्यायचे, यातून जे तयार होते ते दिवसाच्या शाळेत तयार होणे अवघड आहे. शिवाय तेथे नोंदी ठेवण्याचे काम संस्था करते. कोण कोठे आहे ते शोधायला व्हॉट्सॲपवर विसंबावे लागत नाही.

आपल्या सामान्य शाळांकडे वसतिगृह नाही, स्क्वाड्रन नाही. पण राष्ट्रीय छात्रसेना आहे, आणि मला वाटते की तिच्याकडे या दृष्टीने कोणी नीट पाहिलेलेच नाही. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून १९४८ च्या कायद्याने एनसीसी स्थापन झाली, पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग सुरू झाला. चीनच्या आक्रमणानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ती सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक. त्या सक्तीच्या काळातले छात्रसैनिक आज ऐंशीच्या आसपास असतील. नागपुरातल्या कित्येक ज्येष्ठांना ‘दाहिने मूड’ म्हटल्यावर टाच आपोआप वळते ती तेव्हापासून. देशभरातले शिक्षक एनसीसीचे अधिकारी होण्यासाठी ज्या अकादमीत प्रशिक्षण घेतात ती आपल्या कामठीत आहे. म्हणजे केरळातल्या किंवा आसामातल्या एखाद्या शाळेत परेड घेणारे सर कदाचित आपल्या या उन्हातून तावून निघालेले असतात. एवढे सगळे हाताशी असलेल्या शहरात शाळेची एनसीसी आणि शाळेचा माजी विद्यार्थी संघ यांचा एकमेकांशी काही संबंध नसावा, याचे मला दुःख होते.

ज्यांनी शाळेत एनसीसी केली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. परेडच्या आदल्या रात्री छात्रसैनिकाचे घर वेगळेच होते. वऱ्हांड्यात वर्तमानपत्र अंथरून पितळी बॅज आणि पट्ट्याचे बक्कल ब्रासो लावून जुन्या बनियनच्या तुकड्याने घासायचे, काळा पडलेला तो तुकडा फेकून दुसरा घ्यायचा, खाकी शर्टाला कांजी करून बाह्यांची घडी सुरीच्या धारेसारखी आणायची, टोपीवरचा लाल हॅकल, म्हणजे तुरा, दिव्याखाली धरून सरळ आहे की नाही ते पाहायचे. सकाळी मैदानात मुठी बंद, अंगठे विजारीच्या शिवणीवर, नजर समोर. पलटणीतून आलेले हवालदार, ज्यांना सगळे ‘उस्ताद’ म्हणतात, रांगेमागून फिरत कोणाच्या टाचा किती उघडल्या ते न वाकता ओळखतात. मग वार्षिक शिबिरात महालातला वकिलाचा मुलगा आणि काटोल किंवा उमरेडहून आलेला शेतमजुराचा मुलगा एका तंबूत झोपतात, एकाच नळावर आपापले ताट घासतात, आणि फायरिंगच्या दिवशी पॉइंट टू-टू रायफलवर पाच गोळ्यांच्या खुणांचा घेर (ग्रुप) कोणाचा लहान आला यावरून रात्री उशिरापर्यंत वाद घालतात. वर्गात एका बाकावर न बसलेली मुले तेथे एकमेकांची होतात. पुढे कोणी शिक्षक होतो, कोणी किराणा दुकान सांभाळतो, कोणी फौजेत जातो, तरी त्या शिबिराचा विषय निघाला की हे सगळे पुन्हा एका तंबूत असतात. माजी विद्यार्थी संघाला याहून घट्ट धागा कोठे मिळणार?

मागील हंगामात मी एका शाळेच्या मेळाव्याला गेलो होतो. शाळेचे नाव मी येथे घेत नाही, कारण असे अनेक ठिकाणी होते. वर्धा रोडवरील लॉनमध्ये कार्यक्रम होता. प्रवेशद्वारापासून व्यासपीठापर्यंत शाळेचे छात्रसैनिक, मुलगे आणि मुली, दोन रांगांत उभे केले होते. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यावर त्यांनी फुलांच्या पाकळ्या टाकायच्या होत्या. पाहुणे अर्थातच वेळेवर आले नाहीत. ऊन चढत गेले, मुले उभीच होती. काही पाहुण्यांनी त्यांच्यासोबत सेल्फी काढले, एकाने मुलाच्या डोक्यावरची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर ठेवून छायाचित्र घेतले. कार्यक्रम सुरू झाल्यावर मुलांना अल्पोपाहाराची खोकी देऊन मागच्या फाटकातून घरी पाठवण्यात आले. व्यासपीठावर पुढे दोन तास देशभक्तीची गाणी आणि भाषणे झाली. ज्या गणवेशाची टोपी नीट बसली नाही तर कॅडेटला मैदानाला फेरी मारावी लागते, ती टोपी पाहुण्याने गमतीत काढून घ्यावी, हे मला फार लागले.

त्याच दिवशी एक चांगली गोष्टही मी पाहिली. आलेल्यांमध्ये सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले एक माजी विद्यार्थी होते. मुले खोकी घेऊन निघाली तेव्हा ते त्यांच्यामागून फाटकापर्यंत गेले आणि तेथेच एका झाडाखाली बोलत उभे राहिले. त्यांनी भाषण केले नाही. कोणाचे ‘ए’ प्रमाणपत्र झाले ते विचारले, एका मुलीला रायफल खांद्याला घट्ट न लावल्याने काय होते ते हातांनी दाखवले, थंडीत मोजे ओले झाले तर काय करायचे ते सांगितले. एका मुलाने विचारले की, भरतीत धावताना शेवटच्या फेरीत दम संपतो, त्यावर उपाय काय. त्यावर ते म्हणाले, पहिल्या फेरीत जो तुझ्यापुढे जातो त्याला जाऊ दे. मुले हसली, पण मला खात्री आहे की त्यातल्या कोणी तरी ते वाक्य पाठ केले असेल. हे संभाषण व्यासपीठावर व्हावे अशी माझी अपेक्षा नाही. ते मैदानावरच शोभते. पण ते योगायोगाने होऊ नये, कार्यक्रमपत्रिकेत त्याला वेळ असावा.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की मेळाव्याचा पहिला तास लॉनवर नव्हे, तर शाळेच्या मैदानावर घ्यावा. नोव्हेंबर महिन्याचा चौथा रविवार हा एनसीसी दिन असतो. त्या दिवशी छात्रसैनिक मैदानावर येणारच असतात आणि नागपूरची हवाही चांगली असते. माजी विद्यार्थ्यांनी सकाळी यावे, बाजूला उभे राहून परेड पाहावी, शाळेतून फौजेत गेलेल्या आणि आता नसलेल्या विद्यार्थ्यांच्या नावांचे वाचन व्हावे, त्यांच्या घरचे कोणी आले असतील तर त्यांना पुढे बसवावे, आणि मग माजी छात्रसैनिकांनी व आजच्या छात्रसैनिकांनी एकत्र तर्री-पोहे खावेत. दुपारनंतर लॉनवर जे काही करायचे ते खुशाल करावे.

नावे मिळवण्याचे मार्गही आहेत. शाळेतल्या एनसीसीच्या सरांकडे जुन्या तुकड्यांच्या नामावळ्या असतात. कित्येक सरांनी त्या निवृत्तीनंतरही घरी जपून ठेवल्या आहेत. मेळाव्यात सत्कारासाठी गुरुजनांची यादी करताना गणिताचे, इंग्रजीचे सर आठवतात. परेड घेणारे सर मात्र अनेकदा राहून जातात. वस्तुतः कोणता मुलगा कोठल्या रेजिमेंटला गेला, कोणाला सियाचीनला नेमणूक मिळाली, कोण जखमी होऊन परतला, हे त्यांना वर्गशिक्षकांपेक्षा जास्त माहीत असते, कारण सुटीवर आलेला मुलगा पहिल्यांदा त्यांच्याच घरी गेलेला असतो. त्यांना आधी भेटावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडेही माजी सैनिकांच्या नोंदी असतात. शाळेच्या पत्राने विनंती केली तर एखाद्याला निरोप पोहोचवण्यास ते साहाय्य करू शकतील. हंगामातच, ७ डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वजदिन येतो. १९४९ पासून चालत आलेल्या ध्वजदिनाच्या निधीला मेळाव्याच्या शिलकीतून काही रक्कम गेली तर ती योग्य जागी पडेल.

एक खबरदारी मात्र सर्वांनी घ्यावी. जो मित्र अजून सेवेत आहे त्याची नेमणूक कोठे आहे, तो कधी निघणार, कोणत्या गाडीने येणार हे ग्रुपवर लिहू नये, त्याचे गणवेशातले छायाचित्र त्याला न विचारता पुढे पाठवू नये. त्याच्यावर समाजमाध्यमांबाबत बंधने असतात आणि आपल्या उत्साहाचा त्रास त्याला होतो. तसेच निवृत्त जवानाला व्यासपीठावर बोलावून ‘तुम्ही किती शत्रू मारले?’ असे विचारणे थांबले पाहिजे. काही जण युद्धाबद्दल बोलू इच्छित नाहीत. त्यांना त्यांच्या कामाबद्दल विचारावे. उणे तापमानात गाडीचे इंजिन कसे सुरू ठेवतात, शंभर माणसांचा स्वयंपाक तंबूत कसा होतो, पूल एका रात्रीत कसा बांधतात, हे सांगताना त्यांना आनंद होतो आणि मुलांना त्यातून खरे सैन्य कळते.

मुलांना मार्गदर्शनाची गरज किती आहे हे मी जवळून पाहतो. एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र असलेल्या पदवीधराला सैन्यात अधिकारी होण्यासाठी विशेष प्रवेश योजना आहे आणि त्यात लेखी परीक्षा न देता थेट निवड मंडळासमोर जाता येते, हे महाविद्यालयात गेल्यावरही अनेकांना माहीत नसते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ पासून मुलींना प्रवेश मिळतो आणि त्यांची पहिली तुकडी ३० मे २०२५ रोजी बाहेर पडली, हे शाळेतल्या मुलींच्या पथकाला कोणी तरी समोर उभे राहून सांगितले पाहिजे. भोपाळच्या निवड मंडळापर्यंतचा प्रवास नागपूरकराला सोपा आहे; अवघड असते ती पाच दिवसांची निवडप्रक्रिया. मराठी माध्यमातल्या मुलाला गटचर्चेत तोंड उघडायचीच भीती वाटते आणि पहिल्याच दिवसाच्या चाळणीत तो परत येतो. महागड्या शिकवणीवर्गांकडे न जाता शाळेच्याच एखाद्या माजी विद्यार्थी अधिकाऱ्याने सुटीत चार-पाच संध्याकाळी या मुलांना बोलते केले, तर त्यांचे किती तरी काम होईल. लखनऊच्या सैनिक स्कूलमधला एक मुलगा १९९० मध्ये उत्तर प्रदेशाच्या एनसीसी कनिष्ठ विभागातला सर्वोत्तम छात्र ठरला होता. पुढे कारगिलमध्ये परमवीर ठरलेले कॅप्टन मनोजकुमार पांडे ते हेच. आज ती शाळा त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आपल्या मैदानावर उभ्या असलेल्या मुलामुलींत काय आहे ते कोणाला ठाऊक?

ज्या शाळांत एनसीसी नाही त्यांच्या माजी विद्यार्थ्यांनीही स्वस्थ बसू नये. २०२४ मध्ये केंद्र सरकारने एनसीसीत आणखी तीन लाख जागा वाढवून छात्रसंख्या वीस लाखांवर नेण्याचा निर्णय घेतला आणि माजी सैनिकांना प्रशिक्षक म्हणून घेण्याचा विचारही त्यात आहे. शाळेच्या व्यवस्थापनाने अर्ज करावा, यासाठी पाठपुरावा करायला माजी विद्यार्थी संघाइतका योग्य गट दुसरा नाही. अनेक शाळांत अडचण असते ती शिक्षकांची. आधीच्या कामाच्या ओझ्यात एनसीसीची जबाबदारी घ्यायला कोणी तयार होत नाही, आणि त्यांना दोष देता येत नाही. संघाने कागदपत्रांची, वाहतुकीची, शिबिराच्या तयारीची मदत देऊ केली तर एखादा तरुण शिक्षक कामठीच्या प्रशिक्षणाला जायला तयार होईल.

‘शाळेच्या आनंदमेळाव्यात हे लष्करी वळण कशाला?’ असा आक्षेप माझ्या काही मित्रांनी घेतला आहे आणि तो मी टाळणार नाही. एनसीसीच्या छात्रावर सैन्यसेवेचे कोणतेही बंधन नसते. बहुसंख्य छात्रसैनिक पुढे नागरी आयुष्यातच रमतात. मी स्वतः त्यांपैकीच आहे. मुलांना भरतीसाठी तयार करावे असे मी म्हणत नाही. शाळेने ज्यांना वाढवले त्यांपैकी काही जण देशाच्या सीमेवर उभे राहिले, काही परतले नाहीत आणि काही मुले आज त्याच मैदानावर ताठ उभी राहायला शिकत आहेत. त्यांना आपल्यात घ्यावे, एवढीच मागणी आहे. ज्या मेळाव्यात पन्नास वर्षांपूर्वीच्या बाकाची आठवण काढून आपण भावुक होतो, तेथे हे परके वाटायचे कारण नाही.

आणखी एक बाब तातडीची आहे. १४ जून २०२२ रोजी तरुणांना ‘अग्निवीर’ म्हणून चार वर्षांसाठी सैन्यदलांत घेणारी अग्निपथ योजना जाहीर झाली आणि २०२३ च्या प्रारंभी सैन्यात अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्यांचे प्रशिक्षण सुरू झाले. त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतील. त्यांतील जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे सेवेत राहतील. उरलेले पंचविशीच्या आतबाहेरचे तरुण सेवानिधीची एकरकमी रक्कम घेऊन घरी येतील. योजनेच्या गुणदोषांची चर्चा मी येथे करत नाही. या तरुणांपैकी काही आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या शाळांचे माजी विद्यार्थी आहेत, आणि कोणत्याही मेळाव्याच्या यादीत ते अजून आलेले नाहीत, कारण त्यांतील बहुतेकांच्या दहावीला अजून दहा वर्षेही झालेली नाहीत. बुटीबोरी, हिंगणा, मिहान येथे कारखाने आणि कार्यालये चालवणारे कित्येक उद्योजक याच शाळांत शिकले आहेत. संघाने आतापासून या मुलांची नोंद ठेवली, ती परत येतील तेव्हा त्यांना एखाद्या मोठ्या माजी विद्यार्थ्यासमोर बसवून दिले, तर त्यांतील कित्येकांना फ्लॅट स्कीमच्या फाटकावर पहारेकऱ्याची नोकरी पत्करावी लागणार नाही. दूरसंचार, वाहनदुरुस्ती, भांडारव्यवस्था यांचे शिक्षण घेऊन ती येत आहेत. त्यांच्या प्रशिक्षणाचा उपयोग करणारे काम त्यांना मिळायला हवे.

आपणांस एक विनंती करून थांबतो. आपल्या दैनिकात मेळाव्यांच्या सूचना विनामूल्य छापल्या जातात, त्याबद्दल शहराने आपले आभार मानले पाहिजेत. या हंगामापासून त्या सूचनेच्या नमुन्यात एक ओळ वाढवावी: ‘शाळेतून सैन्यदलांत गेलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या किंवा त्यांच्या कुटुंबीयांच्या परिचितांनी संयोजकांशी संपर्क साधावा.’ ती सूचना मेळाव्याच्या आठवडाभर आधी न छापता उन्हाळ्यातच एकदा छापली, तर रजेचा अर्ज भरणाऱ्याच्या घरापर्यंत ती वेळेत पोहोचेल. सुटीवर आलेले जवान घरी वर्तमानपत्र वाचतात आणि त्यांचे आईवडील तर रोज वाचतात.

आपला,
एक माजी छात्रसैनिक,
नागपूर